शंभर ओव्यांचा सुरुंग

पारसिकचा डोंगर, मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८०४

कल्याणच्या शाळेत चाळीस वर्षे मुलांकडून कविता घोकून घेतल्या. म्हातारपणी त्याच कवितांनी खाणीवर चाकरी मिळवून दिली. खाली खाडी चकाकते आहे, पलीकडे ठाण्याची कौले. मन प्रसन्न आहे. काम मोठे मौजेचे. वात पेटवूनही सुरुंग उडाला नाही, तर कड्यावर बसून मी संथ लयीत शंभर ओव्या म्हणायच्या. दडलेली ठिणगी तोवर बार उडवते, नाहीतर विझते. मी थांबलो की माणसे खाली उतरतात. घड्याळ एकट्या प्रभाकररावांकडे, म्हणजे ठेकेदाराच्या कारभाऱ्याकडे. मजुरांचा त्यावर विश्वास नाही. पाणी आणणारी ठमाबाई म्हणाली, "पंतोजी, तुमचा गळा बरा हाय. आधीचा बुवा निस्ता कोंबड्यावानी आरडायचा."

शुद्ध ५

आज पहिला बार फसला. ओव्या म्हणताना माझी लहानपणची शाळा, धूळपाटी, गुरुजींची डुलणारी शेंडी, सारे डोळ्यांपुढे आले. साठाव्या ओवीला ठसका लागला. कोणी उठण्याआधीच खालून, दगडांच्या राशीतून, एकसष्टावी ऐकू आली. प्रतिध्वनी म्हणावा, तर मी ती अजून म्हटलीच नव्हती.

शुद्ध ६

ठमाबाईला विचारले. हंडा खाली ठेवून तिने सांगितले. गेल्या शिमग्यात प्रभाकररावांनी आधीच्या बुवांना साठाव्या ओवीवर थांबवले, वेळ फुकट जातो म्हणून. चौघे उतरले आणि बार उडाला. तिचा नवरा काळुराम त्यांत होता. राशी न उपसताच खाण पुढे चालू झाली. प्रभाकररावांनी चौकीत लिहून दिले की दारू पिऊन उतरले. बुवा पळाले. चौघे अजून तिथेच आहेत.

शुद्ध ८

खडक फोडणाऱ्या दगडूची टोळी दोन दिवस काम टाकून बसली होती. मागणे एकच, शंभर ओव्या पुऱ्या झाल्याशिवाय उतरणार नाही. मी वचन दिले तेव्हा उठली. दुपारी प्रभाकरराव हसत म्हणाले, म्हाताऱ्याने साठच म्हटल्या तर देव रागावत नाही. उद्या बार फसला तर साठावर थांबा, नाहीतर टोळीला तुम्हीच चिथावले असे चौकीत कळवतो.

मी होकाराची मान डोलावली. लाज वाटते. भर दुपारी कानात तेच— एकसष्ट— बासष्ट—

शुद्ध ९, सकाळ

बार उडाला नाही. तोंडाने ओव्या, हाताने लेखणी. पाट्या तपासतानाची सवय. हात थांबला तर भीतीने तोंडही थांबेल, म्हणून लिहितो. दगडूचे पाच जण खडकाआडून माझ्याकडे पाहत आहेत.

साठ. प्रभाकरराव मागे. माझ्या मानेवर हात.

एकसष्ट. म्हटली.

खालीही तीच— चार गळे—

प्रभाकररावांनी स्वतःच "चला" म्हटले. कोणी हलले नाही. दगडू म्हणाला, "रावसाहेब, आधी तुमी."

सहासष्ट. भित्रे, बायले म्हणत ते स्वतः उतरताहेत. वात विझली आहे, दाखवतो म्हणे.

हाक मारावी तर ओवी तुटेल, टोळी उठेल— दगडू हाक मारत नाही. ठमाबाईही नाही—

खालचे गळे आता माझ्याबरोबर नाहीत. पुढे गेले. ऐंशी— नव्वद— एवढी घाई—

प्रभाकरराव सुरुंगाशी वाकले आहेत. कान देऊन ऐकताहेत.

एकाहत्तर. खाली शंभरावी चालू आहे, तिचा शेवटचा चरण—