पोरगी नांदते ना?

नागपूर,
बुधवार, १२ नोव्हेंबर १९८६
सकाळचे सव्वासात. ताप मोजला, थर्मामीटर धुऊन ठेवला आणि लिहायला बसलो.

ती. सौ. गोपिकाताईस,
कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार.

थंडीत तुझ्या टाक्यांची जागा दुखते का? भरलेली घागर उचलू नकोस. रुपरावभाऊजींना सांग, त्यांनी मौद्याहून पाठवलेली संत्री वॉर्डात वाटली. मला परवानगी नाही.

वेल्लोरला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "माही पोरगी देऊन राहिली गा तुले. नीट नांदव." तेव्हापासून तुझ्या प्रत्येक पत्रात माझ्याआधी या पोरीची, म्हणजे तुझ्या किडनीची, खुशाली विचारलेली असते. भाऊबीजेला आत सोडलं नाही, तर दारातूनच ओवाळलंस आणि ओरडलीस, "पोरगी नांदते ना?" मी म्हणालो, "नांदते." नर्सबाईही हसल्या. त्या दिवशी मला एकशे दोन ताप होता, आणि जखमेतून पू येत होता.

पू तपासायला पाठवला. जंतू असा निघाला की नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. एकच इंजेक्शन चालतं, तेही किडनीला वाईट. शिवाय शरीराने तुझी किडनी परकी समजून हाकलू नये म्हणून ज्या गोळ्या घेतो, त्यांनीच माझी ताकद बांधून ठेवली आहे. त्या बंद केल्या तरच मी जंतूशी लढणार. आणि बंद केल्या की किडनी जाणार. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही वाचणार नाहीत."

शनिवारी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. माझ्या पिशवीत त्याच गोळ्यांची वेल्लोरची बाटली होती. मी चोरून घेत राहिलो, ताई. तुझी पोरगी माझ्या हाताने कशी घालवू?

काल चादर बदलताना आयाबाई सिंधूताईंना बाटली सापडली.

"काहून गा, मराचं हाय का तुले?"

मी त्यांना पोरीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी चादर गादीखाली खोचली. मग म्हणाल्या, "बहिणीनं पोरगी देल्ली कोनासाठी? तूच नाही राह्यला, तर ते नांदन कोनाच्या घरी?"

बाटली घेऊन गेल्या.

उद्या किडनी काढणार आहेत. मग पुन्हा ते रक्त शुद्ध करणारं मशीन. इंजेक्शन लागू पडलं तर मी उठेन, असं म्हणतात. तुला न विचारता आज उजाडताच सही केली. उद्या भाऊजींकडून कळण्याआधी हे माझ्याकडून कळायला हवं होतं, पण पत्र पोचायला वेळ लागेल. तेवढं माफ कर.

ती चांगली नांदली, ताई. पहिल्या दिवशी तिने इतकी लघवी केली की वेल्लोरचे डॉक्टर भांडं दाखवत फिरले. तिच्यामुळे दीड वर्षाने मी तांब्याभर पाणी पोटभर प्यालो. ती चव अजून तोंडात आहे.

पुढच्या पत्रात तिची खुशाली विचारू नकोस. माझी विचार. उत्तर देता यावं म्हणूनच सही केली आहे.

तुझा धाकटा,
कृष्णकांत