हवेतली पेटी

आष्टी, ता. परतूर
१० फेब्रुवारी १९७४

चि. सर्जेराव यास पुंजाराममामाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. माझी तब्येत ठणठणीत आहे. लकव्यानंतर उजवा हात थोडा थरथरतो, एवढंच. यंदा भीमजयंतीला आपल्या गायन पार्टीत माझ्या जागी परतूरचा पेटीमास्तर बसणार आहे. मला त्याचं काही वाटत नाही. तू उगाच काळजी करू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा मामा

ता. क. सर्जादादा, वरचं सगळं बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सगळं खोटं आहे. पेटी त्यांनी कणगीमागे ढकलली आहे. जयंतीला घराबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणतात. आई चोरून रडते. तुझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात यावर काही औषध मिळतं का?
बेबीनंदा

जुना जालना
३ मार्च १९७४

ती. मामांस सर्जेरावचा सविनय जयभीम.

वि. वि. गावाकडे निघालेल्या संपतसोबत एक खोकं पाठवलं आहे. मोडक्या रेडिओंच्या सामानातून जमवलं. रेडिओजवळ हात नेला की तो कसा कुई करतो, तीच खोड याला मुद्दाम लावली आहे. वर पितळी सळई आहे, तिला शिवायचं नाही. हात जवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. बोटांना काम नाही. हाताची थरथर सुरात येऊ नये म्हणून बाजूला बटण बसवलं आहे, ते दाबूनच वाजवा. मामींना सांगा, आत भूत नाही, सेल आहेत.

आपला आशीर्वाद सदैव पाठीशी असावा.
सर्जेराव

आष्टी
२४ मार्च १९७४

सर्जादादास सप्रेम जयभीम.

वि. वि. पहिल्याच दिवशी मांजर सळईजवळून गेलं आणि खोकं असं कोकललं, की आईनं लाटणं उगारलं. बाबा म्हणाले, माझ्या भाच्यापेक्षा मांजर सुरात आहे. मग आठ-दहा दिवस त्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. काल मात्र आम्ही मायलेकी पाणी घेऊन आलो, तर आतून जयंतीच्या गाण्याची चाल! मी दारातच थबकले. आईनं हंडा डोक्यावर तसाच ठेवून ऐकलं.

तुझं बटण बाबांनी पक्कडीनं उपटून फेकलंय. म्हणाले, सूर हलला न्हाई तं त्यात जीव कुठला?

आता अडलंय एकच. पार्टीचे अध्यक्ष तातेराव म्हणतात, स्टेजवर असलं कुईकुई बिलकुल चालणार नाही. बघते काय करायचं ते.

आहे ही माया वाढती ठेव.
तुझी बेबीनंदा

आष्टी
१७ एप्रिल १९७४

चि. सर्जेराव यास आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर नाचतंय, लावून वाच.

तुझ्या बहिणीनं खोकं गुपचूप स्टेजवर नेऊन ठेवलं, तेही बराबर तातेरावांच्या हाताशी. तातेरावांना हातवाऱ्यांशिवाय बोलता येत नाही. त्यांनी समाजाला वर यायला सांगत हात उंचावला की खोकं गळा काढायचं. ते चालू कुणी केलं, ते मला विचारू नकोस. बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी तातेरावच ओरडले, पुंजाराम, हे तुझं तूच आवर बाबा!

मंग मी आवरलं. बाबासाहेबांचं गाणं धरलं तसं हसणं थांबलं. तुझी मामी चारचौघांत रडली आणि मलाही राहवलं नाही.

सेल संपलेत, जल्दी पाठव. परतूरचा पेटीमास्तर नंतर शेजारी येऊन बसला. सुरातलं ते थरथरणं कसं काढता, मला शिकवा, म्हणाला. मी म्हटलं, शिकवतो की, पण त्याला आधी लकवा व्हावा लागतो.

मामाला विसरला नाहीस, असाच राहा.
पुंजाराम पेटीमास्तर