चारमिनारचा रुपया

हिंगोली, शुक्रवार, दिवेलागण

आज मी सुधाकरला, माझ्या धाकट्या भावाला, मारलं. पन्नाशीच्या बाईनं. मुठीत चारमिनारचा चांदीचा रुपया होता, त्याच मुठीनं. अजून बोटं ठणकून राहिलीत.

त्यानं तो रुपया पूजेसाठी चिंचेनं घासला, एवढंच. निजामाच्या काळापासून त्यावर चढलेली निळसर काळी झाक हीच त्याची शोभा होती. पारखणारे आधी तीच बघतात. घासलेलं नाणं कितीही चमकू दे, त्याचा दर्जा गेला. "ताई, काळं पडलं व्हतं, उजळून ठिवलं," म्हणाला. हसत म्हणाला. मग माझा हात उठला.

भुवई फाटली, रक्त गालावरून शर्टावर. त्याच्या बायकोनं हळद दाबली. आणि मी काय केलं? खिडकीशी जाऊन रुपयाची कड तपासली. तिच्यावरचं रक्त पदरानं हलकेच टिपलं, घासलं न्हाई.

कडेवरचा ओरखडा एकवेळ चालतो, चेहऱ्यावरचा न्हाई, हे मीच त्याला शिकवलं होतं.

तीन टाके घालून आत्ता आला. उंबऱ्यातूनच विचारलं, "ताई, रुपयाला काही लागलं न्हाई ना?"