नोरीनच्या घराला अट नको

मी, कॉर्मॅक टिअर्नी, वय त्र्याहत्तर, राहणार बॅलिना, काउंटी मेयो, धंदा बूट शिवणे, माझ्यामागे कुणाला काय द्यायचे ते आज लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. कुणाचा दबाव नाही. दबावाला भीक घातली असती तर नोरीनसाठी अठरा वर्षं बिनलग्नाचा राहिलोच नसतो. यापूर्वीचे कागद रद्द समजावेत.

१. आऱ्या, हातोडे, लाकडी फर्मे आणि शिवणयंत्र ऊना मल्डून हिला द्यावे. ती माझ्याकडेच काम शिकली आणि आता माझ्याहून सफाईने तळ बसवते. हे तिला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

२. माझा भाऊ मॅलकी याला स्वयंपाकघरातली खुर्ची. तिच्यावर बसून तो १९५५ पासून ऐकवायचा, "अरे, त्या नोरीनला विचार, नोकरी हवी की नवरा!" आता घरी न्यावी आणि स्वतःलाच ऐकवत बसावं.

३. निळ्या काठाचा चहाचा सेट माझ्या मालमत्तेत धरू नये. तो माझी पत्नी नोरीन हिचा आहे. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुख्य ऑपरेटर होती. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी संपली, असा तेव्हा नियम होता. जाणाऱ्या नवरीला सगळ्या मिळून चहाचा सेट द्यायच्या; असे एकवीस सेट नोरीनने स्वतः बांधून दिले. तिच्या पगारावर आई आणि तीन भावंडं होती, पण खरं म्हणजे ते काम तिला जीव की प्राण होतं. १९६० साली मी म्हणालो, "सोड ना ती नोकरी. मी आहे ना!"

"तू सोडशील बूट शिवायचं?"

मी सहा महिने तिच्याशी बोललो नाही. चूक माझी होती.

१९७३ च्या जुलैअखेर नियम गेला आणि त्याच शनिवारी आम्ही लग्न केलं. ती एक्कावन्न वर्षांची होती. सोमवारी सुट्टी, मंगळवारी नऊच्या ठोक्याला बोटात अंगठी घालून बाई कामावर हजर! पोरींनी सवयीने सेट बांधून ठेवला होता.

"अगं बायांनो, मी जातेय कुठे? सोडा तो, आणि पाणी ठेवा उकळायला!"

तिचा मला फार अभिमान वाटतो. ती निवृत्त होईपर्यंत सगळ्या त्याच कपांतून चहा प्यायल्या.

४. घर आणि मागची बाग नोरीनला. वकील डेक्लन फॉय याने पुढे टाईप करून आणलं होतं, "ती पुनर्विवाह करीत नाही तोपर्यंत."

"हे काय रे?"

"रीतच आहे, काका. सगळेच नवरे घालतात. आणि एकोणसत्तराव्या वर्षी त्यांच्याशी कोण लग्न करणार?"

"कोण करणार? अठरा वर्षं थांबलेला माणूस तुझ्यापुढे बसलाय, त्याला विचार!"

ती ओळ मी त्याच्याच पेनाने खोडली आहे. लग्न केलंस तर हातातलं जाईल, ही धमकी नोरीनने अठरा वर्षं सोसली. माझ्या सहीने ती पुन्हा तिच्या दारात येणार नाही. तिने एकटं राहावं की लग्न करावं, तिची मर्जी, घर तिचंच.

सही: कॉर्मॅक टिअर्नी
बॅलिना, १२ मार्च १९९१

साक्षीदार: पीडर लॅव्हेल, शेजारी, ग्रेटा होबन, वकिलांची कारकून.
चौथ्या कलमातली ओळ टिअर्नी यांनी आमच्यासमोर स्वतः खोडली. दोनदा.