चार वर्षांच्या मुलांचं मटेरियल टेस्टिंग

६ जानेवारी, सोमवार
एकतीस वर्षं कारखान्यात मटेरियल टेस्टिंग केलं. माझ्या सहीशिवाय साधा खिळा आत गेला नाही. रिटायर होऊन चार महिने झाले, आता माझी सही कुरियरवालासुद्धा मागत नाही. म्हणून आज अयोध्या नगरातल्या मंडळाच्या बालवर्गात जाऊन तिथल्या मुख्य शिक्षिका केतकीताईंना सांगितलं, 'रोजच्या वस्तूंचे गुणधर्म' हा विषय मी घेतो. चार दिवस ट्रायल. मुलांना आवडलं तर वर्षभर हा तास माझा. आवडणारच. बायको, कमलिनी, म्हणाली, चार वर्षांची पोरं आहेत, जरा बेतानं घ्या. तिला माझ्या अनुभवाची कल्पना नाही.

७ जानेवारी, मंगळवार
पहिला तास उत्तम. लवचीकता, तन्यता, काठिण्य, तिन्ही व्याख्या उरकल्या. वर्ग एकदम शांत. चौदापैकी पाच जण झोपले, पण थंडीच तशी आहे. गौरी नावाच्या मुलीनं प्रश्नही विचारला, की आजोबा, छुट्टी कब होगी. चौकस मुलगी.
वर्गातल्या मावशी, सुमित्राबाई, म्हणाल्या की साहेब, पोरांच्या हातात काहीतरी द्या. सूचना नोंदवून घेतली. बाईंचा विषयाचा अभ्यास नाही.

८ जानेवारी, बुधवार
आज नुसती उजळणी. झोपलेले सात. हातात काय द्यायचं ते मात्र ठरलं: टेस्ट रिपोर्टचा फॉर्म. नमुना, पोत, पाणी शोषतो की नाही, शेरा, सही. तीन प्रतींत. कमलिनी विचारते, त्यांना लिहिता कुठे येतं? हिला प्रत्येक गोष्टीत अडचण दिसते. सही येत नसेल तर अंगठा चालतो. स्टँपपॅड सापडलं, शाईची नवी बाटली आणली. आकारानं मोठी.

९ जानेवारी, गुरुवार
अंगठे हिट! एकही झोपला नाही. बेचाळीस फॉर्म संपायच्या आत मुलं आपणहून पुढच्या नमुन्यांकडे वळली: भिंत, सतरंजी, डबे, गौरीचा पांढरा स्वेटर, माझी पँट.
मग सुमित्राबाई बादली घेऊन आल्या आणि सरळ माझा तास बळकावला. प्रत्येकाला एक फडकं. स्टीलचा डबा लगेच पुसला गेला. सतरंजीनं शाई पिऊन टाकली. स्वेटर भिजून एवढा जड झाला की उचलायला तिघं लागली. नुसता आरडाओरडा. मी तीनदा "शोषण! शोषण!" म्हणून ओरडलो. मागे पोचलं नसावं.
संध्याकाळी पाच पालकांचे फोन. कौतुकाचेच असणार. कमलिनीनं घेतले आणि मला काही सांगितलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार
आज पालकांसमोर केतकीताईंनी मुलांना विचारलं, काय शिकलात? गौरी म्हणाली, सतरंजी पाणी पिते, डबा पीत नाही, लोकर उशिरा वाळते. बरोब्बर! मी खुर्चीत ताठ झालो. ताईंनी विचारलं, कुणी शिकवलं? चौदाच्या चौदा हात सुमित्राबाईंकडे.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू?
तास सुमित्राबाईंना मिळाला. त्याच म्हणाल्या, साहेबांना पण येऊ द्या, नळ लांब आहे, बादली जड होते. मी म्हटलं, डायरी बघून कळवतो. घरी येऊन बघितली. डिसेंबरपर्यंत कोरी.

१३ जानेवारी, सोमवार
पावणेदहाला हजर. बादली भरून नेली. सुमित्राबाईंनी आत वाकून बघितलं, म्हणाल्या, साहेब, पाणी गढूळ आहे, ओता आणि दुसरी आणा.
आणली. दुसरी पास झाली.