पाखडलेले नमुने

मी, राजानंद तातेराव दाभाडे, वय ६३ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त अधिव्याख्याता (यंत्र अभियांत्रिकी), मूळ राहणार कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, हल्ली मुक्काम नवीन जालना, असे लिहून ठेवतो की माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, मी कोणाच्या दडपणाखाली नाही आणि कोणी मला आमिष दाखवलेले नाही. दडपण आणायला किंवा आमिष दाखवायला माझ्या घरी कोणी येत नाही, ही वस्तुस्थिती वकिलांनी गाळायला सांगितली होती. मी ती ठेवली आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र समजावे.

कलम १. मी लग्न केलेले नाही. त्याची कारणे या दस्तऐवजात येणार नाहीत. आई मालनबाई माझ्यासोबत राहत होती, ती २०१२ साली गेली. तेव्हापासून या घरात एकच ताट वाढले जाते. माझ्या मोबाइलमध्ये नऊ क्रमांक आहेत, त्यांतले दोन गॅस एजन्सीचे. मी गेल्यावर कोणाला कळवायचे हा प्रश्न त्यामुळे फार अवघड नाही.

कलम २. कुंभार पिंपळगाव येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा माझा पुतण्या सूरज याला मिळावा. सूरज पुण्याला असतो आणि वर्षातून दोनदा फोन करतो. आधी तब्येत विचारतो, मग सातबारा. तब्येत आधी विचारतो याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

कलम ३. घरातील भांडी, कपाट, पलंग ज्याला उपयोगी पडतील त्याने न्यावेत. अॅल्युमिनियमची घडीची शिडी शेजारचे मच्छिंद्र यांना दिली आहे. २०१६ पासून ती त्यांच्याकडेच आहे. आता निदान कागदावर त्यांची होईल.

कलम ४. यात देणेघेणे काही नाही. वकील कल्याण म्हणाले, असला मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. मी विचारले, मग कुठे बसतो? मृत्युपत्र निदान एकदा तरी कोणी वाचते.

सन १९९० ते ९१ मध्ये मी पदव्युत्तर पदवीसाठी संशोधन केले. विषय होता तुरीची डाळ तयार करणाऱ्या यंत्रात सुधारणा. जालन्यातल्या एका डाळ मिलमध्ये मी हे काम केले. मिलचे मालक बद्रीनाथशेठ आणि मुख्य मिस्त्री शेख फकरोद्दीन. तुरीचे टरफल खरवडून काढणारा खरखरीत रोलर असतो. त्यात डाळ फुटते आणि कणी होते. कणीला भाव नसतो, ती जनावरांच्या खाद्यात जाते. रोलरचा वेग कमी केला आणि आतली फट बदलली तर कणी कमी होईल, असे माझे म्हणणे होते.

जुन्या पद्धतीची कणी मी उन्हाळ्याच्या सुटीत स्वतः उभे राहून मोजली. शंभराला चौदा. नवीन रोलर बसेपर्यंत कॉलेज सुरू झाले आणि मला दिवसभर तास असत. म्हणून दुपारी फकरोद्दीनभाई माझ्यासाठी रोलरखालून अर्धा अर्धा किलोचे तीन नमुने घेत, जेवायला जाताना घरी नेत, आणि मी संध्याकाळी त्यांच्या घरून उचलत असे. चाळीस दिवस हे चालले. त्या चाळीस दिवसांत मी त्यांच्याकडेच जेवलो. त्यांच्या पत्नी कमरुन्निसाभाभी मला राजाभाऊ म्हणत. कोणी माझ्या जेवणाची वाट बघतेय असे आयुष्यात आईखेरीज तेवढेच दिवस झाले.

कणी शंभराला सहावर आली. मला पदवी मिळाली, पदक मिळाले. बद्रीनाथशेठनी माझ्या प्रबंधावर विसंबून तसले चार रोलर बनवून घेतले. ते चालू झाले आणि कणी पुन्हा तेरा-चौदा. शेठनी मला बोलावले. सगळ्या कामगारांसमोर मी म्हणालो, “संशोधन बरोबर आहे. चालवणाऱ्याची चूक असेल.” फकरोद्दीनभाईंनी माझ्याकडे पाहिले. हातातला पाना पिशवीत टाकून ते बाहेर पडले. शेठनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढून टाकले.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते कामाच्या शोधात बाहेर होते. भाभींनी मला नेहमीसारखे वाढले आणि बोलता बोलता म्हणाल्या, “तुमचे पुडे मीच पाखडून ठिवत व्हते, राजाभाऊ. घरच्या माणसाला बिनपाखडलेली डाळ कशी द्यायची?”

त्यांना ठाऊक नव्हते की त्या काय सांगताहेत. चाळीस दिवस, रोज तीन पुडे, त्यांनी सुपात घेऊन कणी काढून टाकली होती. आपल्याकडे कोणत्याही घरात हेच करतात.

मी ते ताट संपवले, हात धुतले आणि निघालो. हे सांगायला मिलमध्ये गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्या महिन्यात यायचा होता. मला भीती वाटली. याहून मोठे कारण मी चौतीस वर्षे शोधले; मिळालेले नाही.

आणि भाभींनी सांगायच्या आधी मला काही कळले नव्हते, असेही नाही. माझ्या नोंदवहीत एकशेवीस वजने आहेत. नमुना पाचशे ग्रॅमचा, आणि वजने भरली चारशे पंचावन्न, चारशे साठ, चारशे बासष्ट. समोर माझ्याच अक्षरात लिहिले आहे, “घट, ओलावा उडाल्याने.” तुरीची डाळ एका दुपारीत आठ टक्के ओलावा गमावत नाही. हे मी तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होतो. माझ्या मार्गदर्शकांनी वही चाळून शाबासकी दिली. त्यांच्यावर माझा राग आहे, पण तो मी स्वतःवर काढायचा राहिलेला राग आहे.

पुढे मी अकरा विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले. सरकी, गूळ, सळई, मोसंबीची प्रतवारी, ज्या त्या धंद्यातली यंत्रे. प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच विचारले, नमुना कोण घेणार? स्वतः घेणार नसाल तर दुसरा विषय बघा. मुले मला विक्षिप्त समजत. त्यामागचे कारण मी कोणालाच सांगितले नाही.

फकरोद्दीनभाईंनी नंतर स्वतःची लहानशी शेड टाकली. माझ्या घरापासून ती तीन किलोमीटरवर आहे. मी चौतीस वर्षे त्या रस्त्याने गेलो नाही. भाभी चार वर्षांपूर्वी वारल्याचे मला वर्तमानपत्रातून कळले. मातीला गेलो नाही. कोणत्या तोंडाने गेलो असतो?

कलम ५. नवीन जालना येथील माझे राहते घर शेख फकरोद्दीन शेख इमाम यांना मिळावे. ही भरपाई नाही. भरपाई होत नाही, हे मला समजते.

कलम ६. नोंदवही, पदक आणि तराजू कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्यावेत. पदक सोनेरी आहे. घासू नये, खाली पितळ आहे. माझ्या प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात आहे. निवृत्त ग्रंथपाल बेबीनंदा यांनी सांगितले की चौतीस वर्षांत ती तीनदा बाहेर गेली. दोनदा मीच नेली होती. त्या प्रतीच्या पहिल्या पानावर पुढील चिठ्ठी चिकटवावी: “या प्रबंधातील नमुन्यांत फेरफार झाला होता. निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत.”

कलम ७. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावेत. पुण्यानुमोदनाला माणसे जमतीलच असा आग्रह नाही. जमली तर वरणभात करावा. डाळ पाखडून घ्यावी.

कलम ८. साक्षीदार दोन लागतात. ते मला ओळखणारे, शक्यतो माझ्याहून तरुण आणि ज्यांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे असावेत, असे वकील सांगतात. घेणाऱ्यानेच साक्ष दिली की पुढे भानगड होते. एक बेबीनंदाबाई तयार आहेत. दुसरे नाव मी आठ दिवस शोधतो आहे. जागा कोरी ठेवली आहे.

येथपर्यंतचा मजकूर १५ ऑक्टोबर २०२५ रोजी टंकलिखित केला. त्याची एक प्रत मी रजिस्टर पोस्टाने फकरोद्दीनभाईंना पाठवली. पोच आली. उत्तर आले नाही. यापुढचे कलम मी हाताने लिहीत आहे. वकील सगळे नव्याने टंकून आणतो म्हणाले. मी नको म्हटले. आधी काय लिहिले होते तेही दिसू द्यावे.

कलम ९. गुरुवारी, १३ नोव्हेंबरला, फकरोद्दीनभाई माझ्या घरी आले. वय बहात्तर. नातवाने मोटारसायकलवर सोडले आणि तो बाहेरच थांबला. मी बसा म्हणालो. ते उभेच राहिले. हातात मी पाठवलेली प्रत होती आणि कापडी पिशवी होती.

म्हणाले, “घर मला नको. घर देऊन तुम्ही मोकळे व्हताल. मंग माझ्याकडं काय राह्यलं?”

मी विचारले की पुडे घरी पाखडले जात, हे तेव्हा शेठला का सांगितले नाही. एका वाक्याने त्यांची नोकरी वाचली असती.

“सांगितलं असतं तर तुमचं शिक्षण वाया गेलं असतं. माझं काय, हातात पाना व्हता. पण तुम्ही येताल असं वाटलं व्हतं. कमरू रोज एक भाकर जास्ती टाकायची. वर्षभर टाकली.”

त्यांनी पाणी आणून दिले, माझ्याच घरात, माठ कुठे आहे ते न विचारता शोधून.

मग प्रतीतले सहावे कलम पुढे करून म्हणाले, “हे फेरफार लिवलंय ते काढा. कमरूनं फेरफार न्हाई केला.” मी काढतो म्हणालो. साक्षीदाराची कोरी जागा दाखवून त्यांनी विचारले की हे कोण? मी म्हणालो, कोणी नाही. “मंग मी करतो सही. जे झालं ते माझ्यापेक्षा जास्ती कुणी बघितलंय?” वकिलांच्या मते साक्षीदार तरुण हवा, हे मी सांगितले. आधी कोण जाणार हे वकील ठरवणार का, असे त्यांनी विचारले.

जाताना पिशवी टेबलावर ठेवली. “अर्धा किलो डाळ हाय. तुमच्याच रोलरची. शेठनं भंगारात काढला तवा मी उचलला. रोलर बदलायचाच नव्हता, राजाभाऊ. तेलपाणी लावल्यावर साल सुटायला तुरीला एक दिवस जास्ती पडू द्यायचं व्हतं. पाखडलेली न्हाई. पाखडणारी राह्यली न्हाई.”

ते गेल्यावर मी तराजू काढला. वजन बरोबर पाचशे ग्रॅम भरले. कणी वेगळी केली, डोळ्यांमुळे दोन तास लागले. अडतीस ग्रॅम. शंभराला साडेसात. मी लिहिला होता तो सहाचा आकडा नाही, पण हा खरा आहे, आणि तो यंत्र बदलून नव्हे, तुरीला एक दिवस देऊन आलेला आहे. जे संशोधन मी केले असे पदकावर कोरले आहे, ते त्या शेडमध्ये झाले.

सबब कलम ५ मी रद्द करीत आहे. घर कुंभार पिंपळगावच्या विहाराला अभ्यासिका चालवण्यासाठी मिळावे. कलम ६ मधील चिठ्ठी अशी असावी:

“या प्रबंधातले नमुने पाखडलेले होते. पाखडणारीने मला घरचे माणूस समजून पाखडले. दोष तिचा नाही. वजनातली घट मला दिसली होती आणि मी गप्प राहिलो. रोलर चालवणाऱ्याची चूक नव्हती. कणी खरोखर कमी कशी होते हे शेख फकरोद्दीन मिस्त्री यांनी शोधले आहे. वाचकाने त्यांच्या शेडवर जावे आणि नमुना स्वतः घ्यावा.”

सोमवारी दुपारी सह्यांसाठी दोघेही साक्षीदार माझ्या घरी येणार आहेत. फकरोद्दीनभाई जेवतील की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी एक भाकर जास्त टाकणार आहे.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

लिहून ठेवणार : राजानंद तातेराव दाभाडे (सही)

आमच्या समोर सही झाली आणि आम्ही त्यांच्या समोर सह्या केल्या :

१. शेख फकरोद्दीन शेख इमाम, मिस्त्री, जालना (सही, खाली स्वहस्ते : “सगळं वाचलं. बराबर हाय. जेवलो.”)

२. बेबीनंदा वाहुळे, निवृत्त ग्रंथपाल, जालना (सही)

स्थळ : नवीन जालना
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५