क्लॅरीचं सरपण

३ जून

पोचलो एकदाचे. डॉक्टरांनी एस्मेला दोनच पथ्यं सांगितली होती: लॉन्सेस्टनचा धूर नको आणि अंगाला गारठा नको. हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, आमचं ते खोऱ्यातलं शहर झाकण ठेवलेल्या चुलीसारखं धुमसतं, आणि मागच्या न्यूमोनियापासून तिची फुप्फुसं कुरकुरताहेत. तेव्हा गारठा टाळण्यासाठी टास्मानियाच्या सर्वांत थंड पठारावर राहायला येणारं पहिलं जोडपं म्हणून आमची नोंद व्हायला हरकत नाही. संपादकांनी ‘पठारावरचं पत्र’ दर पंधरवड्याला मागितलं आहे. मलाही शहरातल्या सभासमारंभांचा वीट आलाच होता.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. मधोमध लोखंडी शेगडी, आकारानं चांगली दीड वर्षाच्या कालवडीएवढी. मागे शेड, आणि शेडमध्ये आढ्यापर्यंत सरपण! निलगिरीची फाटी, तीन वर्षं वाळलेली, एकावर एक आपटली की काचेसारखी वाजतात. क्लॅरी नेटलफोल्ड नावाच्या म्हाताऱ्यानं एकट्यानं फोडून रचलेली. तो एप्रिलमध्ये गेला. होबार्टच्या पुतण्यानं घर भाड्यानं देताना पत्रात लिहिलंच होतं की लाकूड घराबरोबर तुमचं.

संध्याकाळी शेगडी पेटवली. एस्मे क्लॅरीच्या खुर्चीत बसली, पायातले मोजे काढले. किती महिन्यांनी. म्हणाली, तुझ्या आयुष्यातला हा पहिला शहाणा निर्णय. लग्नाचा निर्णय तिनं मोजला नाही, असं मी निदर्शनास आणून दिलं. ती हसली, आणि हसून खोकला आला नाही.

५ जून

सकाळी शिष्टमंडळ आलं. शेजारच्या डल्सी ब्रॅमिच आणि त्यांचे यजमान व्हर्न, दोघांच्या हातात एकेक एकचाकी गाडा, दोन्ही लाकडांनी भरलेले. मला वाटलं, नव्या शेजाऱ्याला भेट. तसं नव्हतं. त्यांना अदलाबदल हवी होती: आमचं हे घ्या, क्लॅरीचं आम्हाला द्या, सगळं, एकूणएक.

इथली रीत अशी की मेलेल्या माणसानं फोडलेलं सरपण त्याच्याच घरात जाळायचं नाही. दफनाच्या आठवड्यात शेजारी ते वाटून नेतात, आपापल्या घरी जाळतात आणि बदल्यात आपलं आणून टाकतात. या खेपेला पुतण्यानं आधीच शेडला कुलूप ठोकलं होतं. का जाळायचं नाही, असं मी वार्ताहराच्या धर्माला जागून विचारलं. डल्सीबाई म्हणाल्या, अहो, आपल्या हातचं लाकूड आपल्याच घरात पेटलं की त्याला वाटतं, ही ऊब माझ्यासाठीच केलीय. मग येऊन बसतो. मी म्हटलं, बसू दे की बिचारा, खुर्च्या दोन आहेत. त्यावर व्हर्न म्हणाला, क्लॅरी गरीब माणूस हो, पेपरवाले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मेलेल्याला ऊब पुरत नाही. सगळी लागते.

मी त्यांच्या गाड्यातलं एक फाटं हातात घेतलं. ओलं, जड, सालीखाली रस. वाळलेल्या सोन्याच्या बदल्यात हे! भोळ्या शहरी माणसाला गुंडाळायची युक्ती साग्रसंगीत आहे, हे मनोमन मान्य करून मी नम्रपणे नकार दिला. व्हर्न म्हणाला, बरं बाबा, तुमची मर्जी, पेपरात छापा हवं तर, ‘अडाण्यांची फजिती’. डल्सीबाई मात्र एस्मेकडेच बघत होत्या. जाताना म्हणाल्या, पोरी, निदान त्या खुर्चीत बसू नकोस.

एस्मेचं मत पडलं की देऊन टाकावं; रीत ती रीत. मी ओल्या लाकडाच्या धुराचे तिच्या छातीवरचे परिणाम सविस्तर सांगितले. तिनं ऐकून घेतलं. माझं म्हणणं तर्कशुद्ध होतं.

९ जून

पहिला बर्फ, गुडघाभर. शेगडी भाजून लाल. गंमत अशी की एस्मेला खुर्चीत कुडकुडायला होतं. हवा कुठून येते म्हणून मी फटी बुजवल्या. मग हात लावून पाहिला. शेगडीपासून वीतभर अंतरावर खुर्चीच्या हातावर गोठलेलं दहिवर होतं. पांढरं, खरखरीत. नखानं खरवडून काढलं. चहा होईपर्यंत पुन्हा होतं.

पत्रासाठी मजकूर छान आहे. लिहायला घेतलं, पण पुढे सरकलं नाही.

१२ जून

लाकूड भराभर जळतं आहे. खिडकीशी थर्मामीटर ठेवला, नऊ अंश. शेगडीपाशी ठेवला, शून्याखाली दोन. तीनदा ठेवून पाहिला. गारठा बाहेरून येत नाही, विस्तवाकडून येतो आहे.

खुर्ची व्हरांड्यात नेऊन टाकली. दुपारी जेवताना पाहिलं तर खुर्चीच्या जागी जमिनीच्या फळ्यांवर दहिवराचे दोन ठसे उमटले होते. मोठे, रुंद, बोटं शेगडीकडे. उभं राहिलेल्या माणसाचे.

एस्मे म्हणाली, म्हाताऱ्या माणसाची खुर्ची काढून घेतलीस ना. खोकला परत सुरू झाला आहे. मी खुर्ची आत आणली. का आणली, ठाऊक नाही.

१५ जून

व्हर्नकडे गेलो. मनात वाक्यं जुळवली होती, तो टोमणे मारील म्हणून. त्यानं एकही टोमणा मारला नाही. त्याचंच फार वाईट वाटलं.

आता सगळं सरपण घेऊन जा, म्हटलं. तो म्हणाला, आता नाही घेता यायचं हो. तो येऊन बसायच्या आधी वाटून नेलं तर चालतं. आता तो लाकडामागून आमच्या घरी येईल. ओलं मात्र पाहिजे तेवढं न्या. दोन गाडे स्वतः ढकलत आणून दिले. उंबऱ्याच्या आत आला नाही.

ओलं लाकूड सुसूं करतं, धूर ओकतं. एस्मेच्या रुमालाला रक्त. शेवटी क्लॅरीचंच घातलं. निदान धूर नाही.

खालचा रस्ता बर्फानं बंद आहे. डॉक्टर खाली.

१८ जून

डल्सीबाईंनी स्वतःहून सांगितलं, पोरीला आमच्याकडे आणा. घोंगड्यांत गुंडाळून घसरगाडीवर नेली. त्यांच्या घरात शिरताच तिच्या गालांवर रंग आला. अर्धी वाटी सूप प्यायली. मी त्यांच्या स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभा राहिलो, डोळे पुसायचे होते म्हणून.

१९ जून

डल्सीबाई रडत आल्या. मागे व्हर्न, घसरगाडी ओढत. एस्मे वर.

त्यांच्या घरातही, तिच्या पलंगाशी. जमिनीवर दोन ठसे. घरात क्लॅरीच्या लाकडाची ढलपीसुद्धा नव्हती. व्हर्न म्हणाला, पेपरवाले, तो आता शेगडीपाशी बसत नाही, तिच्यापाशी बसतो. तिच्या अंगात जी ऊब आहे ना— आम्हाला नातवंडं आहेत हो, एवढंच.

मी रागावलो नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

२१ जून

रात्र सर्वांत लांब. दिवस म्हणजे उजेडाची एक फट.

एका बाजूला मी बसतो, दुसऱ्या बाजूला तो. मी तिचा हात चोळून कोमट करतो. दुसरा हात बर्फ. मग बाजू बदलतो. मग हा हात बर्फ.

एस्मे म्हणते, त्याला रागावू नकोस. गरीब आहे. सारखा माफी मागतो म्हणे. मला ऐकू येत नाही.

२२ जून

विचार केला. विस्तव आहे म्हणून तो आहे. विझवला तर जाईल. पण बाहेर उणे बारा. विझवला तर ती—

पेटता ठेवला तरी ती—

दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सवय. निष्कर्ष नाही.

२३ जून

विझवला. सकाळी. निखारे बादलीत भरून बर्फात ओतले. सगळी अंथरुणं, सगळे कोट, वर मी. तिला घट्ट धरून. एस्मे म्हणाली, तू किती जड झाला आहेस, जेवण कमी कर. मी हसलो. तिला हसणं ऐकू जावं म्हणून मोठ्यानं.

दुपारी पाहिलं. ठसे नाहीत. फळ्या कोरड्या. खुर्ची कोरडी. तो गेला! तिला सांगितलं. गेला गं, एस्मे, गेला.

परत सांगितलं.

परत.

२४ जून

व्हर्न खिडकीशी येऊन बोलला. जमीन दगडासारखी आहे, आठवडाभर खणता येणार नाही. तोवर शेडमध्ये ठेवू म्हणाला. गारच आहे तिथं. मी नको म्हटलं. तिला गारठ्यात ठेवायचं नाही. डॉक्टरांनी—

तो म्हणाला, पेपरवाले, शेगडी पेटवू नका. हात जोडले त्यानं.

२५ जून

पेटवली.

तिचे हात फार गार होते. तेवढ्यापुरती. हात थोडे—

२६ जून

ठसे आले. मोठे, रुंद.

शेजारी दुसरे. लहान. डाव्या पायाची करंगळी वळलेली. तेवीस वर्षं त्या करंगळीवरून मी तिला चिडवत आलो.

बोटं विस्तवाकडे.

२७ जून

शेगडी लाल भाजून आहे. दौत गोठते, बगलेत धरून लिहितो. ऊब माझ्यापर्यंत येत नाही. येऊ नये. ती त्यांची आहे.

व्हर्न दार ठोठावून गेला. पेपरवाले, पेपरवाले. अहो, विझवा, ती जाईल सुखानं.

जाईल. तेच तर.

२८ जून?

फार जळतं. दोघांना लागतं आता. शेडची मागची भिंत दिसू लागली. बोटं उघडत नाहीत, फाटं मनगटांत धरून—

विझली की ती जाणार. विझू द्यायची नाही.

खुर्ची तिला दिलीय त्यानं. तो उभा. खरंच गरीब

पाय कळत नाहीत. सरपटत जाता येतं. तिच्याशेजारी फळीवर जागा आहे, एका माणसापुरती. आधी एक फाटं घालतो, मोठंसं, तोपर्यंत ती उठून जाऊ नये म्हण—